तक्रार, हरकत आणि दाखला : उर्दूभाषक प्रौढांसाठीच्या मराठी पाठ्यसाहित्याची चिकित्सा

शिक्षणविषयक लेखनात 'विद्यार्थिकेंद्री' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कुणाला भासत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नंतर ज्ञानरचनावादाची चर्चा गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचली. तिचे बरेवाईट परिणाम वेगळ्या लेखाचा विषय आहेत. येथे प्रश्न आहे तो वयाने मोठ्या विद्यार्थ्याचा. मुलांसाठी तयार झालेली ही परिभाषा प्रौढांच्या वर्गात जशीच्या तशी आणली गेली. खडूफळ्याऐवजी चित्रकार्डे आली, बाकांची रचना गोलाकार झाली, आणि पाठ मात्र पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेला राहिला.

प्रौढ विद्यार्थी कसा शिकतो, याची मांडणी करताना प्रशिक्षण महाविद्यालयांत माल्कम नोल्स यांचा आधार घेतला जातो. प्रौढाजवळ अनुभवाची शिदोरी असते, त्याला स्वतःच्या शिक्षणाची दिशा स्वतः ठरवायची असते, समोरची अडचण सुटणार असेल तर तो शिकतो, ही त्यांची गृहीतके सर्वपरिचित आहेत. 1970 च्या ग्रंथाच्या उपशीर्षकात नोल्स यांनी प्रौढशिक्षणशास्त्र आणि बालशिक्षणशास्त्र यांना परस्परविरोधी म्हणून उभे केले होते. 1980 च्या आवृत्तीत त्यांनीच ते उपशीर्षक बदलले आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मार्ग सुचवला. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण वयावरून पद्धत ठरत नाही, हे त्यात मान्य केलेले आहे. (नोल्स यांची गृहीतके आपल्याकडे गाइडमधून पाठ करून परीक्षेत लिहिली जातात. स्वयंनिर्देशित अध्ययनाची याहून मोठी थट्टा शोधून सापडणार नाही.)

भारतातील प्रत्यक्ष साहित्याकडे वळले की राष्ट्रीय साक्षरता मिशनचा विचार करावा लागतो. 1988 साली सुरू झालेल्या या मिशनने तीन भागांच्या एकात्मिक पुस्तिकांची पद्धत स्वीकारली. वाचन, लेखन, अंकगणित, सराव आणि चाचणी हे सर्व एकाच पुस्तिकेत, आणि सुमारे 200 तासांत अपेक्षित पातळी गाठायची, अशी ती योजना होती. मिनिटाला 30 शब्द मोठ्याने वाचणे, 7 शब्द पाहून लिहिणे, 5 शब्द ऐकून लिहिणे, असे निकषही ठरलेले होते. निकष असावेत याबद्दल दुमत नाही. परंतु येथे मोजला जातो तो वेग. तीस शब्द कोणते, ते विद्यार्थ्याच्या कोणत्या कामाचे, हा प्रश्न मापनात येत नाही. ज्या बाईला रेशनकार्डावरील आपले नाव चुकले आहे हे ओळखायचे आहे, तिच्या दृष्टीने मिनिटाला एक शब्द पुरेसा आहे, फक्त तो योग्य शब्द हवा.

मात्र छापील पुस्तिका म्हणजे निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्याचे उदाहरण त्याविरुद्ध साक्ष देते. तेथील साक्षरता मोहिमेच्या तेलुगू साहित्यात दारूने संसाराची धूळधाण झालेल्या बाईची आणि एकत्र येऊन दारू बंद पाडणाऱ्या बायकांची कथा होती. दुबगुंटा गावच्या स्त्रिया उठल्या, 1992 मध्ये आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले, 1 ऑक्टोबर 1993 पासून ताडी-माडीहून वेगळी असलेली अरक ही स्वस्त दारू राज्यात बंद झाली, 1995 च्या जानेवारीत पूर्ण दारूबंदी आली. 1997 मध्ये ती शिथिल करण्यात आली, हा पुढचा इतिहास. पाठ बाहेरूनच आला होता. पण तो लिहिणाऱ्यांनी रात्रीच्या वर्गात काय बोलले जाते ते ऐकलेले होते. पाठ्यसाहित्याची कसोटी येथे लागते. ते कुठे छापले गेले याला फारसे महत्त्व नाही. लिहिण्यापूर्वी कोणाचे ऐकले गेले याला आहे.

पावलो फ्रेरे यांची पद्धत नेमकी या ऐकण्यापासून सुरू होते. 1963 साली ब्राझीलच्या अंजिकोस गावी सुमारे 300 श्रमिकांना सुमारे 40 तासांत लिहावाचायला शिकवण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आधी वस्तीतील बोलणे टिपायचे, त्यातून जीवनाशी घट्ट जोडलेले मोजके शब्द निवडायचे, चित्र समोर ठेवून त्यावर चर्चा करायची आणि मग शब्दाची अक्षरे सुटी करायची. पोर्तुगीज भाषेतील 'वीट' या अर्थाचा शब्द त्यांच्या वर्गात विटा रचणाऱ्या हातांनीच सोडवला. शब्दातील अक्षर घेऊन त्याच्या स्वरांनुसार मालिका तयार करण्याची त्यांची रीत देवनागरीच्या वाचकाला मुळीच नवी नाही. ती आपली बाराखडीच आहे. फरक एवढाच की आपल्याकडे बाराखडी आधी येते आणि शब्द तिच्या सोयीने निवडला जातो. 'कमळ' आणि 'बदक' हे शब्द कोणाच्या गरजेचे म्हणून पहिल्या पानावर आलेले नाहीत. त्यांना काना-मात्रा नाही म्हणून आले आहेत.

फ्रेरे यांच्या भक्तांना गिनी-बिसाऊची आठवण मात्र फारशी होत नाही. 1974 मध्ये पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झालेल्या त्या देशात साक्षरतेच्या कामासाठी ते सल्लागार म्हणून गेले. पद्धत तीच होती, संवादावर भर तोच होता. परंतु साक्षरतेची भाषा पोर्तुगीज ठरली, आणि ती तेथील बहुसंख्य लोकांच्या तोंडी नव्हतीच. मोहीम फसली. जी भाषा विद्यार्थी बोलतच नाही, तिच्यात त्याचे शब्द कसे सापडणार? गोव्यातील वाचकाला या प्रश्नाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्या विषयाकडे येता येईल. बेळगाव आणि हैदराबाद येथे मराठी वाचता यावी अशी इच्छा असलेला एक मोठा उर्दूभाषक प्रौढ वर्ग आहे. बेळगावात बाजारपेठ आणि शेजार मराठी आहे. हैदराबादेत कारण निराळे : 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे अनेक कुटुंबांचे नातेसंबंध आणि जमिनीचे तुकडे आजही नांदेड, परभणी, उस्मानाबादकडे आहेत (2023 पासून धाराशिव). आजोबांच्या काळातील कागद उर्दूत, नातवाच्या हातातील सातबारा मराठीत, अशी स्थिती आहे.

या विद्यार्थ्याची पहिली अडचण ही की तो कोणत्याच योजनेत बसत नाही. जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही एका भाषेत समजून लिहितावाचता आले की व्यक्ती साक्षर. तो उर्दू वर्तमानपत्र वाचतो, म्हणून साक्षर. साक्षरतेचे साहित्य त्याच्यासाठी नाही. उर्दू माध्यमाच्या शाळांतील मराठीची पाठ्यपुस्तके मुलांसाठी. परिणामी रात्रीच्या वर्गात त्याच्या हाती बहुधा पहिलीचे पुस्तक पडते. पन्नाशीचा, चार माणसांत मान असलेला मनुष्य मुलाबाळांदेखत बदकाचे चित्र रंगवत नाही. तिसऱ्या आठवड्यात तो येणे थांबवतो आणि नोंदवहीत कारण लिहिले जाते : 'शिकण्याची आवड नाही'. हा शेरा अन्यायकारक आहे. गळती पुस्तकाची असते, ती माणसाच्या नावावर मांडली जाते.

त्याच्याजवळ काय आहे, हे एकदा पाहावे. हैदराबादी बोलणारा मनुष्य 'नक्को' म्हणतो आणि जोर देताना शब्दाला 'च' लावतो. दखनीने मराठीकडून घेतलेले हे धन त्याच्या जिभेवर आधीच आहे. उर्दू लिपी येत असल्याने अक्षर आणि ध्वनी यांचे नाते त्याला नव्याने शिकवावे लागत नाही. अडते ते दुसरीकडेच. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. वाचक संदर्भावरून ते भरून घेतो. हीच सवय देवनागरीत आली की ऱ्हस्व वेलांटी निसटते, शिवाय ती उच्चारात नंतर येऊन लेखनात आधी का येते याचा उलगडा त्याला कोणी केलेला नसतो. 'जमीन' मधील दंततालव्य ज आणि 'जीवन' मधील तालव्य ज यांना मराठीत एकच अक्षर आहे, तर उर्दूत त्याने 'ज़' या एका ध्वनीसाठी चार निरनिराळी अक्षरे घोटलेली असतात. 'ळ' त्याला नवा, नपुंसकलिंगही नवे. पहिलीच्या पुस्तकाला यातले काहीच ठाऊक नसते, कारण ते मराठी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी आहे.

सर्वांत मोठी संधी शब्दसंपत्तीत आहे, आणि ती सर्वांत अधिक वाया जाते. मराठीतील फारसी-अरबी शब्दांवर आपल्याकडे निबंध पुष्कळ लिहिले गेले. माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश 1925 सालचा. अशा शब्दांच्या याद्या देऊन सांस्कृतिक ऋणाची मोजदाद करण्यात समाधान असेल, पण वर्गात त्या याद्यांचा उपयोग मर्यादित आहे. अर्ज, तारीख, मुदत, कर्ज, वारस, रक्कम, वसुली, वकील हे शब्द विद्यार्थ्याला अर्थासह येतात. लिपी समजली की काम झाले. खरा पाठ सुरू होतो तो जेथे शब्द ओळखीचा असतो आणि अर्थ बदललेला असतो.

उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा पुनरुक्ती; मराठीत 'तक्रार' नोंदवायची असते. उर्दूतील 'हरकत' म्हणजे हालचाल, प्रसंगी आगळीक. मराठी नोटिशीत 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे' असे लिहिलेले असते. उर्दूत 'दाख़िला' मुलाला शाळेत मिळतो, मराठीत 'दाखला' तो शाळा सोडताना हातात पडतो. 'खुलासा' तेथे सारांश, येथे स्पष्टीकरण. 'सही' तेथे बरोबर, येथे स्वाक्षरी. 'इस्म' तेथे नाव, येथे पोलिसांच्या पंचनाम्यातील 'अनोळखी इसम'. 'राज़ीनामा' उर्दूत उभय पक्षांची तडजोड असते आणि मराठीत नोकरी सोडल्याचे पत्र. शिक्षणसंस्थांनी तर 'तालीम' या शब्दाचा विचार करून पाहावा. मराठी मनुष्य तेथे कुस्ती खेळायला किंवा नाटकाचा सराव करायला जातो.

ही गंमत म्हणून सांगून सोडण्याची बाब नाही. जमिनीच्या फेरफाराची नोटीस आलेल्या माणसाने 'हरकत' हा शब्द उर्दू अर्थाने घेतला तर ती नोटीस त्याला निरर्थक किंवा अपमानकारक वाटते, तो ती बाजूला ठेवतो आणि मुदत निघून जाते. नोकरीतील वादात 'राजीनामा' लिहून देणे म्हणजे समझोता, असे समजून सही करणाऱ्याचे काय होईल, हे सांगायला नको. असा शब्द पाठाच्या केंद्रस्थानी ठेवला की वर्गाचे स्वरूपच बदलते. शिक्षक फळ्यावर 'हरकत' लिहितो आणि अर्थ विचारतो. विद्यार्थी आत्मविश्वासाने उर्दू अर्थ सांगतात. मग खरी नोटीस, नाव-गट क्रमांक झाकून, वाचली जाते. अर्थ जुळत नाही. न जुळण्याचा तो क्षण विद्यार्थी स्वतः अनुभवतो, आणि योग्य अर्थ वाक्यावरून स्वतः काढतो. ह-र-क-त ही चारही अक्षरे बिनकाना-मात्रेची आहेत, हे बदकाच्या समर्थकांनी लक्षात घ्यावे. त्याच अक्षरांतून पुढे 'रक्कम', 'हक्क', 'तहकूब' यांच्याकडे जाता येते आणि जोडाक्षर व उकार गरजेतून येतात.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की भाषा म्हणजे कचेरीतील कागद नव्हे. आक्षेप रास्त आहे. केवळ अर्ज-नोटिशींवर आधारलेला वर्ग कंटाळवाणा होईल, आणि घरातल्या स्त्रियांना तर तो परका वाटेल. त्यांचे कागद वेगळे असतात : औषधाच्या पुडीवरील सूचना, मुलाच्या वहीतील बाईंचा निरोप, शेजारच्या लग्नाची पत्रिका. त्यांच्यापैकी कोणता कागद आधी घ्यायचा हे त्यांनाच विचारावे. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेव्हापासूनचा हा वाद आहे आणि वर्गात तो सोडवण्याचे कारण नाही. 'अर्ज' येणाऱ्याला 'आवेदन' नंतर शिकवता येते; उलट क्रम धरला तर दोन्ही हातून जातात.

खरी अडचण शिक्षकाची आहे. असे साहित्य दर वर्गागणिक थोडे बदलते, ते एकदा छापून दहा वर्षे वापरता येत नाही. मानधनावर रात्री दीड तास येणाऱ्या शिक्षकाकडून नोटिशी गोळा करणे, शब्द टिपणे, पाठ रचणे ही अपेक्षा करताना त्यासाठी वेळ आणि पैसा कोठून येणार, हे संस्थांनी सांगितले पाहिजे. तोपर्यंत निदान एक करता येईल. अर्थ बदललेल्या पन्नास-साठ शब्दांची, प्रत्येकाला एक खरा कागद जोडलेली, सुट्या पानांची पिशवी तयार करावी. बांधीव पुस्तक नको, कारण त्यात क्रम ठरून जातो.

त्या पिशवीत एक पान व्याकरणाचेही असावे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर एक, त्याला सामावून घेऊन बोलायचे तर दुसरे. उर्दूत दोहोंसाठी 'हम' आहे. उर्दूभाषक बहुधा सगळीकडे 'आम्ही' वापरतो, आणि सोसायटीच्या सभेत 'आम्ही वर्गणी देऊ' असे म्हणतो तेव्हा त्याला 'आपण सगळे' म्हणायचे असते. प्रचलित पुस्तकांत सर्वनामांचा तक्ता असतो, हा भेद नसतो. कोणत्या पाठात तो घ्यावा, हे वर्गात पहिल्यांदा वर्गणीचा विषय निघेल त्या दिवशी ठरेल.