वॉशिंग्टनची सनद व मॅडिसनचें भाष्य

भाष्यांतील आश्वासन सनदेंत आहे असें गृहीत धरूं नये, हा जुने कागद वाचणाराचा पहिला नियम होय. जेम्स मॅडिसन याचा 'फेडरलिस्ट' मालेंतील ४३ वा लेख (जानेवारी १७८८) या नियमानें तपासण्याजोगा आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेंतील पहिल्या अनुच्छेदाचें आठवें कलम राजधानीकरितां दहा मैल चौरसाहून अधिक नाहीं इतका मुलूख, व त्यावर सर्व बाबतींत कायदे करण्याचा अधिकार एकट्या काँग्रेसला, म्हणजे तेथील मध्यवर्ती विधिमंडळास, देतें. याचें मूळ जून १७८३ च्या प्रसंगांत आहे. थकलेल्या पगारासाठीं शिपायांनीं फिलाडेल्फिया येथें काँग्रेसची बैठक घेरली. पेन्सिल्व्हानिया सरकारनें लष्कर बोलाविलें नाहीं, व काँग्रेसला प्रिन्स्टनास जावें लागलें. मध्यवर्ती सत्तेनें एखाद्या घटकराज्याच्या आश्रयानें राहूं नये, हें मॅडिसनचें विवेचन म्हणूनच सबळ आहे. परंतु रहिवाशांच्या हक्कापाशीं येतांच त्याची लेखणी सैल पडते. स्थानिक कामांसाठीं त्यांस स्वतः निवडलेलें मंडळ अर्थातच मिळेल, एवढें सांगून तो पुढें जातो. कलमांत त्याविषयीं एक अक्षर नाहीं.

परिणाम पाहावा. १८०२ त शहरास निवडलेली सभा मिळाली, पण मेयर अध्यक्षानें नेमावयाचा. लोकांच्या मतांनीं त्याची निवड १८२० पासून होऊं लागली. १८७१ त नवी व्यवस्था आली, ती कर्जबाजारी होतांच काँग्रेसनें १८७४ त मोडली. पुढें जवळजवळ शंभर वर्षें नेमलेल्या अधिकाऱ्यांचाच कारभार होता. १९७३ च्या कायद्यानें मेयर व तेरा सभासद निवडण्याचा हक्क आला. तथापि शहराचे कायदे रद्द करण्याची सत्ता काँग्रेसनें राखून ठेविली, व २०२३ त शहराच्या नव्या फौजदारी संहितेवर ती चालविली. त्याच कायद्याच्या ७४० व्या कलमाच्या आधारें अध्यक्षानें ऑगस्ट २०२५ त शहराचें पोलीसदल तीस दिवस आपल्या कामीं घेतलें.

मॅडिसनच्या युक्तिवादांतील खरी उणीव येथें दिसते. भय होतें तें शेजारच्या घटकराज्याचें. त्यावरील उपाय मात्र शहरवासीयांवर पडला. १७८३ च्या प्रसंगावरून राजधानीच्या रक्षणाची सत्ता सिद्ध होते. रहिवाशांचा प्रत्येक कायदा मोडण्याची सत्ता सिद्ध होत नाहीं. आपल्या दप्तरांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर भाष्यकारानें वतनाची भाषा वापरली. दस्तऐवज मामलतीचा निघाला, आणि मामलत धन्याच्या मर्जीवर चालते.