महादेव कोळ्यांची बालाघाटी मूळकथा : एक परीक्षण

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागास तिकडील लोक डांगाण म्हणतात. तेथील महादेव कोळ्यांच्या पूर्वपीठिकेविषयीं आजवर जें छापलें गेलें, त्यांतील बहुतेकाचा उगम एकाच निबंधांत आहे. तो कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याचा. १८३३ सालीं रामोशांचा वृत्तान्त प्रसिद्ध केल्यावर थोड्याच वर्षांनीं त्यानें महादेव कोळ्यांचा वृत्तान्त लिहिला. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरनें तो सारांशरूपानें उचलला, शेजारच्या जिल्ह्यांच्या भागांतहि तो आला, आणि पुढील मराठी लेखकांनीं गॅझेटियर प्रमाण मानलें. एकच साक्षीदार चार वेळां उभा केला म्हणजे चार साक्षी होत नाहींत. परंतु तसें मानण्याची खोड आमच्याकडे जुनी आहे.

कथा अशी. महादेव कोळ्यांचें मूळस्थान म्हणजे निजामाच्या मुलुखाच्या पश्चिम सरहद्दीकडील, बालाघाटांतले महादेवाचे डोंगर. तेथून ते पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीच्या खोऱ्यांत आले, तेथील आद्य रहिवासी जे घडशी त्यांचा त्यांनीं पाडाव केला, आणि कालांतरानें एकेका मावळावर एकेक नाईक होऊन बसला. देशावरून उठलेले भटके लोक डोंगरांत शिरले आणि डोंगरी झाले, असा तिचा आशय वाचकाच्या मनावर ठसतो. कथेंत असंभाव्य असें कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तिच्या कोणत्या शब्दावर किती भार टाकतां येईल.

प्रथम ‘बालाघाट’ हाच शब्द घेऊं. आपण तो एका डोंगररांगेचें नांव म्हणून वापरतों. फारशी दफ्तरांत मात्र बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख व पाईनघाट म्हणजे घाटाखालचा. वऱ्हाडाचे असे दोन भाग होते, कर्नाटकाचेहि होते. एखादा वृद्ध नाईक ‘आम्ही बालाघाटचे’ म्हणाला असेल, तर त्याच्या मनांत बीड-धाराशिवकडील विशिष्ट डोंगर होते कीं घाटावरचा कोणताहि प्रदेश होता, हें इंग्रजी सारांशावरून ठरत नाहीं. आणि रांग असाच अर्थ घेतला तरी अडचण कमी न होतां वाढते. ही रांग सुरू कोठें होते? हरिश्चंद्रगडापाशीं, म्हणजे डांगाणांतच. तेथून गोदावरी व भीमा यांचें पाणी वांटीत ती आग्नेयेस बीड-धाराशिवाकडे जाते. तेव्हां कथेंतील जुनें घर व नवें घर हीं एकाच कण्याचीं दोन टोकें आहेत. त्या धारेधारेनें आलेल्या लोकांना सपाटीवरून हुसकले गेलेले म्हणणें कठीण आहे. नकाशा पुढें ठेवून हा निबंध वाचण्याचे श्रम आमच्या पूर्वसूरींनीं घेतलेले दिसत नाहींत.

‘महादेवाचे डोंगर’ हें नांवहि एकट्या बालाघाटाचें नव्हे. भीमा व कृष्णा यांच्यामधील शिखर शिंगणापूरच्या रांगेस महादेव डोंगर म्हणतात; सातपुड्यांत पचमढीजवळहि महादेवाच्याच टेकड्या आहेत. शिवाय जमातीचें हें विशेषण स्थळावरून पडलें कीं दैवतावरून? हरिश्चंद्रेश्वर, रतनवाडीचा अमृतेश्वर, भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर हीं शिवस्थानें ज्यांच्या भोवतीं आहेत, त्यांस महादेवाचें नांव लागण्यासाठीं निजामाची सरहद्द गांठण्याचें कारण नाहीं.

घडशांचें प्रकरण याहून संशयास्पद आहे. दख्खनचे आद्य रहिवासी घडशी होत व ते वाजंत्री होत, ही दंतकथा ग्रँट डफनें १८२६ सालींच आपल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या आरंभीं रावणाच्या संदर्भासह नोंदली होती. मॅकिन्टॉश त्यानंतर दहा वर्षांनीं लिहितो. त्यानें ती कोळी वृद्धांच्या तोंडून ऐकली, कीं डफच्या पानावरून घेऊन कोळ्यांच्या कथेस जोडली? घडशी हे सबंध देशभर देवळांत व लग्नकार्यांत सनई-चौघडा वाजविणारे म्हणून माहीत आहेत. त्यांना सह्याद्रीच्या खोऱ्यांचे पराभूत स्वामी ठरविण्यास या दंतकथेपलीकडे कोणताहि आधार पुढें आलेला नाहीं. हा भाग आम्ही तूर्त बाजूस ठेवतों.

मॅकिन्टॉशचें खरें ऋण निराळ्याच ठिकाणीं आहे. त्यानें महादेव कोळ्यांच्या चोवीस कुळांची यादी दिली, आणि ती त्याच्याच कथेस छेद देते. यादींत कदम, पवार, चव्हाण, गायकवाड, जगताप, भोसले आहेत. म्हणजे देशावरच्या मराठा घराण्यांशीं समान अशीं नांवें आहेत. त्यांत ‘गवळी’ हेंहि एक कूळ आहे. ज्या गवळी राजांस लोक डोंगरावरचे किल्ले व देवळें चिकटवितात, ते कथांतून नाहींसे होतात. कुळांच्या यादींत मात्र ते जिवंत आहेत. सर्वांत बोलकें नांव ‘शेखाचा शेष’ हें आहे. शेख हा शब्द मुसलमानी अंमलाचा परिचय झाल्याशिवाय कुळाच्या नांवांत येणार नाहीं. तेव्हां ही यादी जशी आहे तशी आद्य स्थलांतराइतकी जुनी असूं शकत नाहीं. ती अनेक वेळां वाढली आहे, आणि जमातहि तशीच अनेक प्रवाहांनीं वाढली आहे. कांहीं नाईक घराणीं पूर्वेकडून आलीं असतील. सबंध जमात आली, असें यादी म्हणत नाहीं. त्याच डोंगरांत गुरें पाळणारे कानडे आहेत. त्यांचें नांवच त्यांस दक्षिणेकडे नेतें. डोंगरावर आलेले गोपालक शोधायचे तर तेथून आरंभ करणें अधिक श्रेयस्कर.

काळाविषयीं एकच गोष्ट सांगून पुढें जातों. महंमद तुघलकानें कोंढाण्यास वेढा घातला, तेव्हां किल्ला लढविणाऱ्या नाग नायकास फिरिस्ता कोळ्यांचा सरदार म्हणतो. फिरिस्ता लिहितो सतराव्या शतकाच्या आरंभीं, प्रसंगानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनीं. तरी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच कोळी नाईक सह्याद्रीचे किल्ले राखून होते, ही समजूत त्याच्या काळीं रूढ होती, एवढें यावरून निघतें.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. मॅकिन्टॉश लिहितो तो रामजी भांगरे याच्या १८२९-३० च्या बंडानंतर. त्या बंडाच्या मुळाशीं नाइकांच्या जुन्या हक्कांतील कपात होती; पुढें १८४८ सालीं राघोजी भांगरे ठाण्यास फांशीं गेला, त्याची कहाणीहि याच खोऱ्यांतली. जे लोक बाहेरून आले व तरवारीनें बसले, त्यांचा घाट राखण्याचा हक्क सरकारास सहज हलका वाटतो. मॅकिन्टॉशचा तसा हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कथेचा परिणाम तसा होतो. आजहि तिला धार आहे. अनुसूचित जमातींच्या यादींतील क्षेत्राची मर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानें उठल्यापासून, सपाटीवरील कोण कोळी ‘महादेव कोळी’ व कोण नव्हे, हा प्रश्न पडताळणी समित्यांपुढें व न्यायालयांपुढें येत राहिला आहे. तेथें १९५० पूर्वीच्या कागदास मोठी किंमत असते. बालाघाटाची कथा एका बाजूस नात्याचा पुरावा वाटेल, दुसऱ्या बाजूस ऐकीव गप्प. ती प्रत्यक्षांत काय आहे हें सांगण्याचें काम संशोधकांचें आहे.

याकरितां संग्राहकांनीं दोन जागा धुंडाळाव्या. पहिली राजूरकडील नाईक घराण्यांची. जावजी बांबळे याच्याकडे पेशवाईंत राजूरच्या साठ गांवांचा अधिकार होता. तो १७८९ सालीं वारला व त्याचा मुलगा हिराजी त्याच्या जागीं आला. एवढ्या कारभाराच्या सनदा, ताकीदपत्रें, करीने हे पेशवे दफ्तराबाहेरहि कोणाच्या तरी पेटींत असण्याचा संभव आहे. दुसरी जागा त्र्यंबक व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. त्यांत यजमानाचें नांव, कूळ, गांव व पिढ्या लिहिलेल्या असतात. नाइकांच्या नोंदींत मूळ गांव म्हणून बीडकडचें एखादें गांव एकदां जरी जुन्या हस्ताक्षरांत आढळलें, तरी मॅकिन्टॉशच्या कथेस तिचा पहिला स्वतंत्र साक्षीदार मिळेल. मात्र नोंद उतरून घेतांना वहीचें पान, शक व शेजारच्या दोन नोंदी अवश्य टिपाव्या. नुसतें गांवाचें नांव पाठविल्यास त्याचा उपयोग होणार नाहीं.