रांगेतल्या पोराचा प्रश्न

चाहत्यांच्या मेळाव्यांवरचे विनोद बहुधा एकाच माणसावर असतात. घरी शिवलेला पोशाख, मालिकेचा प्रत्येक भाग तोंडपाठ, आणि एकदा प्रश्न सुरू केला की थांबायचं नाव नाही. १९८६मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या एका प्रहसनात खुद्द विल्यम शॅटनरने 'स्टार ट्रेक'च्या अशा चाहत्यांना झापलं होतं. १९९९चा 'गॅलक्सी क्वेस्ट' याच विनोदापासून सुरू होतो, पण बाजू मात्र पोराची घेतो. म्हणून तो मला अजून आवडतो. तक्रारीही आहेत.

एक जुनी अंतराळ-मालिका कधीच बंद पडलीये. तिचे नट आता मेळाव्यांवर आणि दुकानांच्या उद्घाटनांवर पोट भरतात. कॅप्टनचं काम करणारा जेसन (टिम ॲलन) स्वच्छतागृहात दोन पोरांचं बोलणं ऐकतो: हा माणूस हास्यास्पद आहे, सहकाऱ्यांनाही नकोसा आहे. बाहेर आल्यावर ब्रँडन (जस्टिन लाँग) त्याला जहाजाच्या रचनेतली एक विसंगती विचारतो. जेसन भडकतो. जहाज वगैरे काही नाही, सगळं खोटं आहे, असं त्याला सुनावतो.

जेसनचा शब्द न् शब्द खरा आहे. तरी बघताना आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. कारण जहाज खरं आहे का, हे ब्रँडनने विचारलंच नव्हतं. त्याने खेळाच्या आतला प्रश्न विचारला होता, आणि ज्याचं घर या खेळावर चालतं त्यानेच खेळ मोडला. शिवाय राग दुसऱ्यांचा होता, निघाला या पोरावर. गर्दीत हे फार सोपं असतं; समोरचा माणूस माणूस न राहता 'चाहते' नावाच्या ढिगाचा भाग होतो.

पुढे परग्रहवासी मालिकेलाच इतिहास समजून तंतोतंत जहाज बांधतात. ते संकटात सापडतं, तेव्हा त्याची आतली वाट फक्त ब्रँडनच्या टोळक्याला ठाऊक असते. सॉफ्टवेअरच्या कामात हा पोरगा मला नेहमी भेटतो. आपण लिहिलेलं आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो आणि नेमकी चूक दाखवतो. त्याला 'कटकट' म्हणणं हा उद्धटपणा आहेच, शिवाय तोट्याचा सौदाही.

ॲलन रिकमनचा अलेक्झांडर याहून सूक्ष्म आहे. मालिकेतल्या आपल्या ठरलेल्या वाक्याचा त्याला वीट आलाय. दुकानाच्या उद्घाटनात ते तो कडू औषधासारखं उच्चारतो. पुढे त्याला आदर्श मानणारा एक तरुण परग्रहवासी मरत असताना तेच वाक्य तो मनापासून म्हणतो. शब्द तेच, फरक इतकाच, की या वेळी तो समोरच्याकडे बघतोय.

आता तक्रारी. पहिली: ब्रँडनच्या मागे उभ्या असलेल्यांचं काय? तासन् तास रांगेत राहिलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला टेबलापाशी अर्धा मिनिट येतो, आणि ब्रँडनचा प्रश्न तेवढ्यात मावणारा नाही. सिनेमा सौजन्याचा सगळा हिशोब नट आणि चाहता या दोघांतच मिटवतो. गर्दीत तिसराही असतो, मागचा. त्याची आठवण ठेवणं हे चाहत्याचं काम, नटाचं नव्हे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सिगर्नी वीव्हरच्या ग्वेनला मालिकेत एकच काम होतं, संगणकाचं म्हणणं पुन्हा म्हणून दाखवायचं. मुलाखतीत लोकांना रस कशात होता, तर तिच्या अंगावरच्या कपड्यांत. हे तिला खुपतं, हे सिनेमाला कळतं. तरी तिचा गणवेश फाटत जाण्याची गंमत तो सोडत नाही. ब्रँडनला जी प्रतिष्ठा मिळते, ती तिला अर्धीच.

२०१४मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनने मोठे फलक लावले होते: कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, फोटो काढण्याआधी विचारा. एवढी साधी गोष्ट फलकावर लिहावी लागते, याचा अर्थ तो प्रश्न विचारायची सवयच नव्हती. ग्वेनलाही सिनेमात ते कुणी विचारत नाही. मुंबईच्या कॉमिक कॉनला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर बघावा, आणि ब्रँडनवर खूश झाल्यावर ग्वेनचे प्रसंग पुन्हा एकदा लावावेत.