झाकणाचे माप

घरच्या पातेल्याला झाकण आणायचे तर आपण दुकानात पातेलेच घेऊन जातो, निदान दोऱ्याने तोंडाचे माप तरी घेतो. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ आन्री फाब्रने पाने कातरणाऱ्या माशीवरच्या लेखात हीच घरगुती अडचण पुढे ठेवली आहे, आणि माझ्या मते लेखाचा प्राण तिथेच आहे. माशीचे बीळ जमिनीत, गांडुळाने सोडून दिलेले. आत अंधार. तिथे तिने पानांच्या तुकड्यांचे एक अंगुस्तान रचले आहे, परागमधाचा लगदा भरून त्यावर अंडे घातले आहे. आता तोंड बंद करायचे. ती उडते, एखाद्या झुडपावर बसते आणि कंपास फिरवावा तशी गोल चकती कातरून आणते. चकती तोंडावर चपखल बसते. माप घेतले कधी?

फाब्र या प्रश्नाभोवती घाई न करता फिरतो. नजरेचे माप म्हणावे तर बिळात उजेड नाही. स्पर्शाचे म्हणावे तर ते झुडपापर्यंत टिकले कसे? शेवटी तो सहजप्रेरणेपाशी थांबतो. डार्विनची उत्क्रांती त्याला कधीच पटली नाही, त्यामुळे ही प्रेरणा आली कुठून, हे दार तो लावूनच घेतो. ते मला खटकते. पण प्रश्न त्याने इतका स्वच्छ मांडला आहे की उत्तर अपुरे राहूनही लेख मनातून जात नाही.

‘सूव्हनीर आंतोमोलॉजिक’ या त्याच्या कीटकांवरच्या ग्रंथमालेच्या चौथ्या भागात, १८९१ साली, हा लेख आला. प्रोव्हान्समधल्या सेरीन्याँ गावातली दगडगोट्यांची पडीक जमीन फाब्रने १८७९ मध्ये घेतली होती. अशा जमिनीला तिकडे ‘हर्मास’ म्हणतात. नांगराला नकोशी असलेली ही रानझुडपांची जागा त्याला हवीच होती. तिथे बसून तो घरटे पोथीसारखे पानापानाने सोडवतो. लंबगोल तुकडे भिंतीचे, गोल तुकडे झाकणाचे. एका लांब घरट्याचे तुकडे हजाराच्या वर भरतात. आकडा वाचताना आधी मोठेपणा दिसतो, मग हळूहळू खेपा दिसू लागतात: प्रत्येक तुकड्यामागे एक जाणे, एक येणे.

पुढे झाडांची यादी येते. ती मी पहिल्यांदा चाळून पुढे गेलो होतो, आणि ती माझी चूक होती. गुलाबवर्गातली काटेरी झुडपे, द्राक्षवेल, आणि बागेत आलेली परदेशी झाडेही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे जिरेनियम या माशीच्या पूर्वजांनी कुठे पाहिले होते? तरी ती त्यावर कातर चालवते. कापाचा आकार ठरलेला, कापड मात्र हाताशी येईल ते. पळसाची पाने नसतील तिथे वडाच्या पानांची पत्रावळ लावणाऱ्या बायका मला आठवल्या. २०१३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी याच कुळातल्या माशीच्या घरट्यात प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे सापडल्याचे लिहिले. फाब्रची यादी तिथवर लांबलेली पाहून मला वाईट वाटले. तरी त्याचे निरीक्षण खरे ठरलेच.

त्याने पानांवर जीव लावला आणि फुलांकडे कमी पाहिले, हे मात्र लेखाचे उणेपण. माशीला दोन बाजार करावे लागतात: घरासाठी कोवळे, लवचीक पान आणि पोरासाठी पराग. दोन्ही एकाच हंगामात, उडण्याच्या टप्प्यात मिळाले तरच घरटे पुरे होते. पराग ती पायांवर नव्हे, पोटाखालच्या दाट केसांत भरून नेते. युरोप-आशियातून अमेरिकेत पोचलेली अशा माशीची एक जात तिथे लसूणघासाच्या बियाण्यासाठी मुद्दाम पाळतात. लसूणघासाचे फूल दाबले की आतला दांडा उसळून माशीला आपटतो. मधमाश्या तो चुकवून बाजूने मध काढायला शिकतात. ही माशी मार खाते आणि परागीभवन करते.

आपल्याकडे तुरीच्या फुलावर पाने कातरणारी माशी अशीच दाबून बसते. थंडीत तूर पिवळी होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर परसातल्या गुलाबाला कोवळी पाने आलेली असतात. गेल्या वर्षी त्या पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसल्या तेव्हा कीड म्हणून फवारणीची तयारी झाली होती. मी ती थांबवली आणि सकाळी खुर्ची घेऊन बसलो. साडेदहाच्या सुमारास ती आली. पानाच्या कडेवर पाय रोवून गोल फिरली. शेवटचा धागा तुटण्याआधीच तिचे पंख सुरू झाले होते. हिरवी चकती पोटाशी धरून ती खिडकीच्या चौकटीतल्या जुन्या खिळ्याच्या भोकात शिरली. झाकणच असावे.