राज्यगीताची लय, पट्टी व भाव : तेर येथील शालेय परिपाठाच्या संदर्भात
राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा वृंदासह स्वर लाभलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले. दोन चरणांसाठी १.४१ मिनिटांचा अवधी ठरल्याने ध्वनिमुद्रणातील चालत्या पावलांची लय परिपाठातही आपोआप कायम झाली. पट्टीचा विचार मात्र राहून गेला. शाहिरी कंठाची उंच पट्टी धरू पाहणाऱ्या बालकांच्या गळ्यातून वीररसाऐवजी केवळ आरडाओरडा उमटतो. तेरमधील शाळांनी लय तीच ठेवून पेटीवर पट्टी उतरवावी, हे श्रेयस्कर. मूळ गीतात गोदावरी आहे. तेरची तेरणा मांजरेमार्गे तिलाच मिळते. ते नाव येथील मुलांना दम न लागता गाता यावे.