प्रक्रिया-कलन आणि वितरित प्रोग्रॅमिंग भाषा : एक चिकित्सा

एकाच वेळी चालणाऱ्या संगणकीय प्रक्रियांमधील संवादाची बीजगणिती मांडणी म्हणजे प्रक्रिया-कलन होय. टोनी होअर यांचा ‘सीएसपी’ विषयक निबंध १९७८ मध्ये, तर रॉबिन मिल्नर यांचे ‘सीसीएस’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कलनाच्या पायावर वितरित प्रणालींची भाषा उभारता येते, हा दावा तेव्हापासून अनेकदा केला गेला. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘सीएसपी’वरून घडलेल्या ऑकम भाषेत संदेश देणारा व घेणारा दोघेही सिद्ध होईपर्यंत कोणीच पुढे सरकत नाही. वाहिन्यांची जोडणीही आधीच ठरलेली असते. मर्यादित, पण प्रामाणिक अशी ही रचना होती. मिल्नर, पॅरो व वॉकर यांच्या १९९२ च्या पाय-कॅल्क्युलसने वाहिनीचे नावच संदेशातून पाठविण्याची मुभा दिली आणि जोडणी चालू असतानाच बदलू लागली.

खरी अडचण ‘मिश्र निवडी’त आहे. ‘येथे संदेश देईन किंवा तेथे घेईन, जे आधी जमेल ते’ असे प्रक्रिया म्हणते. कागदावर हा एका ओळीचा नियम आहे. परंतु दूरच्या दोन यंत्रांनी एकाच क्षणी एकच निवड मान्य करावयाची, तर त्यासाठी आणखी संदेशांची देवघेव लागते. कातुशिया पालामिदेसी यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, मिश्र निवडीचे सामर्थ्य असमकालिक पाय-कॅल्क्युलसमध्ये जसेच्या तसे उतरविता येत नाही. पियर्स व टर्नर यांच्या पिक्ट भाषेने निवड गाभ्यातून वगळली. फूर्ने व गोंतिए यांनी १९९६ च्या जॉइन-कॅल्क्युलसमध्ये वाहिनीचे सारे ग्राहक एकाच ठिकाणी बांधले. यंत्र बंद पडण्याचा विचारही त्यांनी त्याच वर्षी केला. मूळ पाय-कॅल्क्युलसमध्ये त्याला जागाच नव्हती. म्हणजे पाया म्हणून जे पुढे केले गेले, त्यातील सर्वांत डौलदार भाग काढल्यावरच भाषा वितरित होऊ शकली. कलनाच्या समर्थकांनी या काटछाटीची दखल पुरेशी घेतलेली दिसत नाही.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेच्या ‘सिलेक्ट’मध्ये मिश्र निवड आहे, हे खरे, पण तेथील प्रक्रिया एकाच स्मृतीत नांदतात आणि वाहिन्यांना कुलपे लावून निवड केली जाते. या वाहिन्या जाळ्यावरून नेऊ पाहणाऱ्या ‘नेटचॅन’ला २०१२ च्या ‘गो १’ आवृत्तीत स्थान मिळाले नाही.