ओटोची वही आणि आपला गजर

आज आपण एका निबंधाकडे जरा टीकेच्या नजरेनं पाहणार आहोत. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांचा ‘द एक्स्टेंडेड माइंड’, १९९८ साली ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात आलेला. आम्ही तो वर्गात अनेकदा शिकवला, आणि त्यातली एक उणीव आमच्या लक्षात फार उशिरा आली.

निबंधातलं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इंगाला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं प्रदर्शन पाहायचंय. ती क्षणभर विचार करते, म्युझियम ५३व्या रस्त्यावर आहे हे तिला आठवतं, ती निघते. ओटोला अल्झायमर आहे. तो वही उघडतो, पत्ता वाचतो, आणि निघतो. लेखकांचं म्हणणं असं, की इंगाची स्मृती जे काम करते तेच ओटोची वही करते. मग वहीला त्याच्या मनाचा भाग का म्हणू नये?

म्हणावं, आमची हरकत नाही. पण वही उघडायची आहे हे ओटोला आठवतं कसं? प्रदर्शन संपण्याआधी, टीव्ही बंद करून, चपला घालून तो नेमका वेळेवर उठतो कसा? निबंधात ‘निघतो’ हा शब्द सहज येऊन जातो, आणि माणसाची खरी अडचण पुष्कळदा त्या एका शब्दात असते.

मानसशास्त्रात या कामांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. अ‍ॅडेल डायमंड यांनी २०१३ च्या आढावा-लेखात त्याच्या तीन मूळ क्षमता मांडल्या आहेत: स्वतःला आवर घालणं, हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवणं, आणि गरज पडली की विचाराची दिशा बदलणं. बेत आखणं वगैरे त्यावरच उभं राहतं. एडीएचडी असलेल्या मुलाला किंवा मेंदूला मार लागलेल्या माणसाला काय करायचंय ते बहुतेक वेळा ठाऊक असतं. घोडं पेंड खातं ते सुरुवात करण्यापाशी. कठोपनिषदातलं रथाचं रूपक आठवा. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. सारथी असावध असला तर घोडे आवरत नाहीत, हे तिथं सांगितलंय. पण त्या सारथ्याला हाक कुणी मारायची?

आपल्या घरांनी याची सोय फार पूर्वी केली होती. पदराला गाठ मारून ठेवायची. ‘खूणगाठ’ हा शब्द भाषेत उगाच नाही आला. पण गाठीला वेळ कळत नाही, ती दिसली तरच उपयोग. कुकर बघा. ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असं सांगून आई बाजारात जाते, आणि अभ्यासात बुडालेल्या पोराला कुकर स्वतः हाक मारतो. ओटोची वही वाट पाहते, कुकर वाट पाहत नाही. हा फरक त्या निबंधात नाही. चाल्मर्स यांनी पुढं क्लार्क यांच्या २००८ च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तिची सुरुवातच स्वतःच्या आयफोननं केली. पण तिथंही भर आहे तो फोननं आठवणीचं, ठरवण्याचं काम उचलण्यावर.

हाकेची ताकद किती, हे केंब्रिजच्या बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं. १४३ जण, वयं ८ ते ८३, बहुतेकांच्या मेंदूला इजा झालेली. त्यांना एक साधा पेजर दिला, ठरल्या वेळी संदेश यायचा: गोळी घ्या, डबा भरा. १६ आठवडे पूर्ण केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांना रोजची कामं आधीपेक्षा लक्षणीय चांगली जमली. पेजरनं त्यांना नवीन माहिती काहीच दिली नव्हती.

आता निबंधाच्या कसोट्यांकडे येऊ. बाहेरची वस्तू मनाचा भाग केव्हा? ती नेहमी सोबत असावी, सहज हाताशी यावी, तिच्यात लिहिलेलं माणसानं आपोआप मान्य करावं, आणि ते त्यानं पूर्वी कधीतरी जाणीवपूर्वक मान्य केलेलं असावं. चौथ्या कसोटीबद्दल लेखक स्वतःच साशंक आहेत. आम्हाला वाटतं, गजराच्या बाबतीत गणित उलटं होतं. आपोआप मान्यता तिथं मिळतच नाही. गजर झाला की अंगठा आधी तो बंद करतो, हे तुम्हीही जाणता. उरते फक्त चौथी कसोटी. काल रात्री शुद्धीवर असताना मीच हे ठरवलं होतं, एवढाच त्या आवाजाचा अधिकार.

म्हणून त्याच फोनमधून येणाऱ्या दोन आवाजांत आम्ही फरक करतो. गोळीचा गजर आमचा आहे. ‘सेल संपतोय’ हा टुंग आवाज आमचा नाही. गिरणगावात भोंगा वाजायचा तेव्हा माणसं वेळेवर उठतच होती, पण ती हाक मालकाची होती. उपकरण एक्झिक्युटिव्ह फंक्शनला मदत करतं की नाही, हे त्याच्या सोयींवरून ठरवणारे आधी हाक कुणाची ते विचारत नाहीत.

दुसऱ्या बाजूला ‘कुबडी’वाले आहेत. सवय लावा, यंत्र कशाला, असं म्हणणारे. त्यांच्यात आम्हीही होतो. आमचा एक विद्यार्थी अ‍ॅरिस्टॉटलवर अप्रतिम बोलायचा, आणि परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख दोनदा चुकला. ‘इच्छा असती तर लक्षात राहिलं असतं’ असं आम्ही त्याला वर्गात सुनावलं. मनाला पटलेलं हातून का घडत नाही, यावर ‘निकोमाखियन एथिक्स’चा सातवा भाग त्याच वर्षी त्याच वर्गात शिकवत असताना! इच्छा आणि सुरुवात या दोन गोष्टी आहेत, हे पुस्तकातून सांगणारे आम्ही समोरच्या मुलात ते पाहू शकलो नाही. त्यानं शिक्षण सोडलं.

एक आक्षेप उरतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या घड्याळात गजर आई लावते, मग ती हाक कुणाची? आमच्या मते, सुरुवातीला आईचीच. पण त्या गजराला नाव मुलानं द्यावं, वेळ त्याच्याशी बोलून ठरवावी, आणि दहा मिनिटं पुढं ढकलायचं बटण त्याच्या हातात असावं. तो ते बटण रोज दाबेल, हे धरून चाला.